डाव्या बाजूने

तश्तानने बेल दाबली आणि दार उघडेपर्यंत कोटाची बटणं एकदा लावून पाहिली, एकदा काढून पाहिली. ऑगस्टच्या अखेरीस बिश्केकमध्ये कोट घालून फिरणारा माणूस एक तर मंत्री असतो, नाहीतर कुणाच्या तरी मयताला निघालेला असतो, हे त्याला तिसरा मजला चढून आल्यावर सुचलं. त्याने कोट काढला आणि घडी करून हातावर टाकला. मंत्री तर तो दिसत नव्हताच.

दार एसेनकुलने स्वतःच उघडलं. उंच, किंचित वाकलेला, पंचाहत्तरीचा म्हातारा. गालात पावाचा तुकडा आणि डाव्या कानात वाटाण्याएवढं यंत्र. उजव्या कानात काही नव्हतं. तो कान छापखान्याच्या नोकरीने कधीच खाऊन टाकला होता आणि आता नुसता शोभेला उरला होता.

"चला," तश्तान म्हणाला. "तुम्हाला जरा फिरवून आणतो. हवा छान पडली आहे."

एसेनकुल चावायचा थांबला. त्याने तश्तानकडे पाहिलं, मग त्याच्या हातावरच्या कोटाकडे पाहिलं.

"कुठं?"

"बुलेवारवर. स्टेशनपासून खाली, ओकच्या बागेपर्यंत. पूर्वी जायचो तसं."

"थांब," एसेनकुल म्हणाला. "टोपी घेतो." आणि तो आतल्या खोलीत गेला.

टोपी दारामागच्या खुंटीलाच लटकत होती, पण तश्तानचं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं. तिथे सून सायरा पाठमोरी उभी होती. नळ चालू होता आणि नळाखाली काही नव्हतं. टेबलावर सासऱ्याची चहाची वाटी तशीच होती, काठोकाठ भरलेली. या मुलखात चहा वाटीत घोटभर ओततात, संपला की पुन्हा घोटभर ओततात. वाटी जितकी रिकामी तितका मान मोठा. काठोकाठ भरलेली वाटी पुढे आली की पाहुणा समजतो, हा पिऊन उठायचं. सायरा या घरात आली त्याला कितीतरी वर्षं झाली होती, आणि तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"तश्तान-अके," ती न वळता, हलक्या आवाजात म्हणाली, "दुपारपर्यंत अतांना आणू नका. अंगणात युर्तचा तंबू उभा करायचा आहे." अता म्हणजे बाबा; सासऱ्याला ती तसंच म्हणायची. मग म्हणाली, "आणि आणाल तेव्हा सांगून आणा."

फोन पहाटे आला होता. एसेनकुल झोपताना यंत्र काढून ठेवतो, त्यामुळे त्याची झोप मोडली नाही. सायराचा नवरा, एसेनकुलचा एकुलता एक मुलगा तुरार, नारीनकडून माल घेऊन येताना घाटात ट्रकसकट खाली गेला होता.

अशी बातमी बापाच्या तोंडावर कुणी फेकत नाही. चार जाणती माणसं येतात, जवळ बसतात, सरोवर आटल्याचं बोलतात, ससाणा उडून गेल्याचं बोलतात, आणि बाप हळूहळू समजत जातो. या कामाला किर्गिझ लोक 'ऐकवणं' एवढंच म्हणतात. बापाला ऐकवेपर्यंत घरात कुणी रडत नाही. पण चार जाणती माणसं मूळ गावाहून, कोचकोरहून, तुरारला घेऊनच निघाली होती, आणि शहरात उरला होता तश्तान. तो आयुष्यभर लग्नांमध्ये तमादा होता, म्हणजे मेजवानीत उभं राहून भाषणांचा गाडा हाकणारा माणूस. "तुझ्याकडे शब्द आहेत," तुरारचा कोचकोरचा थोरला चुलता फोनवर म्हणाला होता आणि त्याने फोन ठेवला होता. त्याच्याकडे शब्द नव्हते, त्यामुळे तो सुटला होता.

एसेनकुल बाहेर आला. त्याने विजारीच्या खिशात एक रुमाल कोंबला, खुंटीवरची पांढरी नमद्याची टोपी काढून थेट कानांपर्यंत खाली ओढली, काठी डाव्या हातात घेतली आणि काठीच्या टोकाने तश्तानला उजवीकडे सारलं.

"या बाजूने चाल."

"अरे, त्या कानाने तुला ऐकू येतं का?"

"हो," एसेनकुल म्हणाला. "हवा छानच आहे."

खाली टॅक्सी उभी होती. तश्तानने पत्ता सांगितला, "स्वातंत्र्य बुलेवार, स्टेशनच्या टोकाला."

"स्वातंत्र्य कुठं आलं, अके?" ड्रायव्हरने विचारलं.

"जेर्जिंका."

"मग असं सांगा ना."

पाट्यांवर 'स्वातंत्र्य' लिहून तीस वर्षं उलटून गेली आहेत. शहर मात्र त्या रस्त्याला अजून जुन्या राजवटीच्या पोलादी पोलीसप्रमुखाच्याच नावाने हाक मारतं. त्यात कुणाचा काही हेतू नाही. जिभेला ते वळण पडलं आहे, एवढंच.

स्टेशनसमोर ते उतरले. पाठीमागे बर्फाचे डोंगर होते, समोर झाडांचा बोगदा. दोन्ही अंगांना मोटारी एकमेकींवर ओरडत होत्या आणि मधोमध, ओक आणि पॉप्लरच्या चार ओळींखाली, ही एवढी रुंद वाट उताराने शहराच्या पोटात गेली होती. वाटेच्या कडेने पाण्याचा पाट. बाकांवर पेन्शनवाले, त्यांच्यासमोर भाड्याच्या स्कूटरवरून सुसाट जाणारी पोरं, आणि दोघांनाही न जुमानता गुलाबाच्या वाफ्याला पाणी घालणारी एक बाई.

एसेनकुल काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ त्या बोगद्याकडे बघत राहिला.

"कोचकोरहून पहिल्यांदा आलो," तो म्हणाला, "तेव्हा स्टेशनातून बाहेर पडलो आणि विचारलं, एवढी झाडं, एवढी सावली, आणि मेंढ्या कुठायत?"

"तू नाही, मी विचारलं होतं," तश्तान म्हणाला. "तू विचारलं होतंस, हे जंगल कुणाच्या मालकीचं."

"तेच म्हणतो. मेंढ्या नव्हत्या."

यंत्राची बॅटरी संपत आली असणार, तश्तानला वाटलं. नेहमीचंच होतं. नेहमी तो खांदा धरून एसेनकुलला वळवायचा, डाव्या कानाशी तोंड नेऊन "बहिऱ्या, बॅटरी बदल!" असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकं ओरडायचा. आज त्याला ते जमेना. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आजची खरी अडचण हीच आहे. ऐकवायचं ते हळू ऐकवायला हवं, गुडघ्याला गुडघा लावून, जवळजवळ कुजबुजत. आणि या माणसाला कुजबुज ऐकू येत नाही. शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्यावर उभं राहून एखाद्याचा मुलगा गेल्याचं ओरडून कसं सांगायचं, हे कोणत्याच जाणत्या माणसाने शिकवलेलं नव्हतं.

ते चालू लागले.

पहिला चौक ओलांडला तेव्हा तश्तानने मनातल्या मनात सरोवर काढलं. 'एक सरोवर होतं, एसेनकुल, काठावर हंस होते...' पण हे सरोवर त्याने पूर्वी तोक्मोकच्या एका लग्नात वापरलं होतं. त्यात नवरी हंस होती. मग त्याने ससाणा काढला. ससाणा म्हणजे तर प्रत्येक नवरदेव. घोडा काढला, तर तो सासऱ्याच्या कौतुकात झिजून गेलेला. आयुष्यभरात त्याने आकाशातलं आणि गवतातलं काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नव्हतं. सगळ्यावर दारूचे आणि टाळ्यांचे डाग होते.

"इथं," एसेनकुल एकदम थांबला आणि त्याने काठी पाटाकडे केली. पाटात बोटभर पाणी आणि आइस्क्रीमच्या काड्या होत्या. "इथं तुरारची चप्पल गेली. आठवते?"

तश्तानने मान हलवली.

"नवी चप्पल. डाव्या पायातली. पाण्यात पाय घालू नको म्हटलं, त्याने घातला. मी इस्त्रीच्या विजारीत पाटाच्या कडेने पळतोय, लोक बघतायत, त्याची आई अनारकान ओरडतेय, विजार सांभाळा! आणि हा पठ्ठ्या एका पायावर उड्या मारत माझ्यामागे. दोन चौक पळालो. गेली ती गेलीच." एसेनकुल हसला. "मी म्हटलं, आता रडेल. तर म्हणतो, अता, ती फिरायला गेलीय, येईल."

तो वाकून पाण्यात बघायला लागला.

"अजून आली नाही," तो म्हणाला.

तश्तानने खिशातून सिगारेट काढली आणि पेटवायचं विसरून पुन्हा पाकिटात घातली. हीच वेळ होती. पाण्यावरून सुरुवात झालीच होती, सरोवर काही लांब नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"एसेनकुल, पाणी जे असतं ना..."

"चल," एसेनकुल म्हणाला आणि पुढे निघाला.

एरवी तो असा बोलत नसे. एरवी बोलायचं काम तश्तानचं आणि 'पोपटा, पुरे' म्हणायचं काम एसेनकुलचं, अशी त्यांची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. आज ती उलटी झाली होती. कॉफीची काचेरी दुकानं, फोनचे गाळे, मोठाल्या जाहिराती यातलं एसेनकुलला काही दिसतच नव्हतं. त्याला दिसत होतं ते त्यांच्या मागचं. इथे गोड सोड्याचं यंत्र होतं, सगळ्या शहराला मिळून एक काचेचा पेला. इथे अनारकान त्याला पहिल्यांदा भेटायला आली होती आणि बरोबर तीन मैत्रिणी घेऊन आली होती, त्यामुळे चार आइस्क्रीम घ्यावी लागली. इथे मे महिन्याच्या मिरवणुकीत तुरार त्याच्या खांद्यावर बसला होता, हातात लाल फुगा, आणि वर बसल्या बसल्या साहेबाने बापाच्या टोपीत ओकून ठेवलं होतं.

"म्हणून तर तुझी टोपी अशी आहे," तश्तान सवयीने म्हणाला.

"नाव ठेवताना नोंदणीवाली म्हणाली, तुरार म्हणजे काय? मी म्हटलं, राहील. ती म्हणाली, राहील म्हणजे कुठं राहील, पत्ता द्या." एसेनकुलने काठी आपटली. "दोन राहिले नाहीत म्हणून तिसऱ्याचं नाव 'राहील' ठेवलं, हे त्या बाईला कुठं सांगत बसता. मी पत्ता दिला."

तश्तान मागे पडला. बुटाची नाडी सैल नव्हती तरी त्याने ती सोडून पुन्हा बांधली. तो उठला तेव्हा एसेनकुल थांबून त्याची वाट बघत होता, आणि पुन्हा त्याने काठीने त्याला उजव्याच बाजूला घेतलं.

मोठ्या हमरस्त्याच्या अलीकडे वाट अडवलेली होती. दोन दिवसांवर स्वातंत्र्यदिन आला होता, त्यासाठी बुलेवारच्या मधोमध एक युर्त उभी राहत होती. जाळीच्या गोल भिंती लागल्या होत्या आणि चार माणसं लाकडी छताचं चाक काठीवर पेलून वर ढकलत होती. शेजारी संस्कृती खात्याची एक बाई हातात कर्णा घेऊन त्यांना त्यांचं काम सांगत होती. दाराजवळ पाटी तयार होती: 'परंपरेत आपले स्वागत. बूट काढावेत. फोटो मोफत.'

शहरात युर्त दोनच वेळा उभी राहते. सरकारला आनंद झाला म्हणजे चौकात, आणि कुणाच्या घरी माणूस गेलं म्हणजे अंगणात.

एसेनकुल त्या अर्ध्या उभ्या युर्तपाशी जाऊन थांबला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं. बहिऱ्या माणसाचा आवाज. चारही कामगार वळले, छताचं चाक कललं.

"अहो अक्साकाल, आजोबा!" बाईने कर्णा तोंडावरून न काढताच सांगितलं, त्यामुळे सगळ्या बुलेवारला कळलं. "असं अभद्र काय बोलता? कुणी गेलेलं नाही! सण आहे!"

एसेनकुल तिच्याकडे बघत राहिला, मग वळून तश्तानकडे बघत राहिला. तश्तानचा चेहरा कसा झाला होता ते त्याला स्वतःला दिसत नव्हतं.

"काय म्हणाली?"

"कुणी गेलेलं नाही म्हणाली," तश्तान ओरडला. ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला वाटलं, जीभ चावून टाकावी. ऐकवायला आलेल्या माणसाने पहिली मोठ्याने सांगितलेली गोष्ट ही होती.

एसेनकुलने मान हलवली. "सण आहे वाटतं," तो म्हणाला आणि वळसा घालून पुढे निघाला.

आता हमरस्ता ओलांडला की ओकची बाग, बागेमागे दोन गल्ल्या, आणि गल्ल्यांच्या टोकाला एसेनकुलच्या इमारतीचं अंगण. तश्तानने ठरवलं की यापुढच्या पहिल्या रिकाम्या बाकावर. पहिल्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. दुसऱ्या बाकावर कुणी नव्हतं, पण तो ओला होता. तिसऱ्यासमोर मक्सिमवालीची छत्री होती. निळ्या पिंपातून आंबवलेल्या जवाचं पेय पेल्यात ओतत ती गिऱ्हाइकांशी भांडत होती. तश्तानने एसेनकुलला कोपराला धरून तिथेच बसवलं आणि स्वतः त्याच्या उजवीकडे बसला, कारण डावीकडे एसेनकुलने काठी आडवी ठेवली होती.

"एसेनकुल," त्याने सुरुवात केली, आणि आवाज इतका खाली आणला की तो त्याचा त्यालाही ओळखू येईना. "आपण डोंगरातली माणसं. डोंगरात वारा असतो, वाऱ्यात पाखरं असतात. एका म्हाताऱ्याने एक ससाणा पाळला. दोन उडून गेले होते, म्हणून हा फार जपला. हाताला लागेल म्हणून चामड्याचा हातमोजा घालायचा, तर तो हातमोजासुद्धा मऊ चामड्याचा..."

एसेनकुल समोर, झाडांकडे बघत होता. तो मान हलवत होता. योग्य ठिकाणी हलवत होता.

तश्तानला धीर आला. शब्द यायला लागले. ससाणा वर गेला, डोंगराच्या वर गेला, ढगात शिरला. म्हातारा हात पुढे करून उभा राहिला, संध्याकाळ झाली, हात तसाच. शीळ घालून दमला. आकाशाने काय घेतलं ते आकाश परत देत नाही, एवढंच त्याला खालच्या माणसांनी येऊन सांगितलं, आणि म्हाताऱ्याने हात खाली घेतला. सांगता सांगता तश्तानचा आवाज भरून आला, डोळे भरून आले, आणि आयुष्यभराच्या सवयीने उजवा हात हळूहळू वर गेला, बोटं अशी वळलेली की त्यांच्यात पेला नव्हता हेच नवल.

"मुबारक असो!" मक्सिमवाली पिंपामागून म्हणाली. "लग्न कुणाचं, अके? मुलाचं?"

तश्तानचा हात तसाच राहिला.

एसेनकुलने त्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. मग त्याने स्वतःचे दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश खाली आणले, जसे जेवण संपल्यावर आणतात, प्रार्थना संपल्यावर आणतात, कुणी वडीलधारं बोलून थांबलं म्हणजे आणतात.

"ओमीन," तो म्हणाला.

ऐकलं, तश्तानला वाटलं. ऐकलं आणि गिळलं. डोंगरातला माणूस आहे, रस्त्यात रडणार नाही. त्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली, की उतरलं कसं. त्याने एसेनकुलच्या गुडघ्यावर हात ठेवला. एसेनकुलने तो थोपटला.

"चल," एसेनकुल म्हणाला. "तहान लागली."

मक्सिमवालीने पैसे घेतले नाहीत. लग्नघरचे पैसे घेत नाही म्हणाली.

बागेत त्या दिवशी तीन नवऱ्या फोटो काढून घेत होत्या. त्यातल्या एकीच्या नवरदेवाचा काका तश्तानला ओळखून लांबून हात करू लागला. तश्तानने तो दिसलाच नाही असं केलं. बागेच्या फाटकाशी एक बाई पोतं पसरून कुरुत विकत होती, वाळवलेल्या दह्याच्या पांढऱ्या खारट गोळ्या. एसेनकुल थांबला. त्याने एक गोळी चाखली, नाक मुरडलं, दुसऱ्या ढिगातली चाखली.

"ही दे. मोठी पिशवी भर."

"कशाला एवढं?" तश्तानने विचारलं. 

"तुरारला," एसेनकुल म्हणाला. "गाडी चालवताना तोंडात ठेवतो. झोप येत नाही म्हणतो."

बाईने पिशवी बांधली. एसेनकुलने ती मनगटाला अडकवली आणि चालू लागला. तश्तानचे पाय जागेवरच राहिले.

ऐकलेलं नव्हतं. काहीच ऐकलेलं नव्हतं. ससाणा, हातमोजा, संध्याकाळ, सगळं त्या शोभेच्या कानावरून घरंगळून बाकाखाली पडलं होतं. आणि आता दोन गल्ल्या उरल्या होत्या. पहिल्या गल्लीत त्याने तीनदा तोंड उघडलं. एकदा सायकलवाला आला, एकदा शेजारीण आली आणि एसेनकुलला बघून मान खाली घालून जिन्यात शिरली, आणि एकदा कुणीच आलं नाही तरी शब्द आला नाही. दुसऱ्या गल्लीच्या शेवटी इमारतीचा कोपरा होता. कोपऱ्यावरून, गॅरेजच्या पत्र्यांवरून, युर्तच्या छताचं लाकडी चाक वर आलेलं दिसत होतं.

कोपऱ्यापलीकडे माणसं होती. तश्तानला ती कळत होती, मोटारींची दारं, पावलं, चहाच्या समोवारचं झाकण. एवढी माणसं, आणि बोलण्याचा आवाज नाही, रडण्याचा तर नाहीच. सगळं अंगण श्वास रोखून थांबलं होतं. बापाला अजून ऐकवलेलं नाही, हे एकट्या तश्तानला ठाऊक होतं.

त्याने एसेनकुलची बाही धरली. "थांब. एसेन, थांब. मला तुला..."

एसेनकुल थांबलेलाच होता.

त्याने काठी भिंतीला टेकवली, कुरुतची पिशवी काठीला अडकवली. मग विजारीच्या खिशातून रुमाल काढला आणि त्याची गाठ सोडायला लागला. बोटांना गाठ लवकर सुटेना. रुमालात काहीतरी बारीकसं होतं. तश्तानला आधी वाटलं, कुरुतचा खडा असेल. एसेनकुलने तो चिमटीत धरला, टोपी वर सारली आणि डाव्या कानात बसवला. यंत्राने बारीक शीळ घातली. ती थांबेपर्यंत एसेनकुल मान तिरकी करून उभा राहिला.

"केव्हा काढलंस?" तश्तानने विचारलं. आता ओरडावं लागलं नाही.

"टोपी घ्यायला गेलो तेव्हा."

"म्हणजे बाकावर मी जे..."

"हात छान हलवत होतास," एसेनकुल म्हणाला. "ससाणा होता वाटतं."

तश्तानने कोट या हातावरून त्या हातावर घेतला.

"इतक्या वर्षांत तू मला गाढव म्हणालास, बहिऱ्या म्हणालास. आज दार उघडलं तर 'तुम्हाला फिरवून आणतो' म्हणालास." एसेनकुल रुमालाची घडी घालत होता, टोकाला टोक जुळवून, छापखान्यात कागद जुळवायचा तशी. "आणि त्याआधी सायराने वाटी काठोकाठ भरली. तिचा हात आणखी कुणासाठी असा चुकेल?"

घडी झाली. त्याने ती खिशात ठेवली.

"म्हटलं, ऐकायचंय ते ऐकायचंच आहे. तोवर एवढा रस्ता त्याला बरोबर घेऊन येऊ."

गॅरेजच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. कोपऱ्यापलीकडे कुणीतरी खोकलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

"हं," एसेनकुल म्हणाला. "सांग आता. पाखरं नकोत."

तश्तानने कोट अंगात घातला. त्याने बटणं लावली, सगळी, गळ्यापर्यंत. त्याच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं, सरोवर नव्हतं, घोडा नव्हता.

"तुरार गेला, एसेन," तो म्हणाला. "काल रात्री. घाटात."

एसेनकुलने मान हलवली. एकदा, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. त्याने कुरुतची पिशवी काठीवरून काढली, कुठे ठेवावी ते न समजून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी तश्तानच्या हातात दिली. टोपी सरळ केली. काठी घेतली.

तश्तान सवयीने त्याच्या उजव्या अंगाला झाला.

"तिकडून नको," एसेनकुल म्हणाला. त्याने काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि डाव्या बाजूला जागा केली.

"आता या बाजूने चाल."